डिसेंबरात आईबाबांना घेऊन सिंगापूरला जातोय, पाऊस किती त्रास देईल?

नाशिककर_82
नमस्कार मंडळी, 17 ते 22 डिसेंबर सिंगापूरचं तिकीट काढलंय, आम्ही दोघं, मुलगी सहा वर्षांची आणि माझे आईबाबा. तिकीट काढून झालं आणि मग ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की अरे डिसेंबर म्हणजे तिकडचा भर पावसाळा, रूमवरच बसून राहाल. तेव्हापासून जीवाला घोर लागलाय. बाबांचे गुडघे दुखतात, ओल्या फरशीवरून चालताना त्यांना फार भीती वाटते, आणि आईचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे, तो पावसात वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. दिवसभर पडतो का? थंडी असते का, स्वेटर घ्यायचे का? तारखा पुढे ढकलू का?

सेंगकांगची_सुनबाई
तारखा अजिबात ढकलू नका. मी इथे 11 वर्षं राहते, दर डिसेंबरला सासरचं नाहीतर माहेरचं कोणीतरी येतंच, आणि कोणीही रूमवर बसून परत गेलेलं नाही.

पाऊस आहे हे खरं, वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस इथे डिसेंबरातच पडतो, सरासरी 330 मिमीच्या आसपास आणि महिन्यातले साधारण 19 दिवस पडतो. आकडा ऐकून घाबरू नका, आपल्या मुंबईत एकट्या जुलैत 800 च्या वर पडतो. आणि इथला पाऊस आपल्या आषाढासारखा लागून राहत नाही. सकाळी बऱ्यापैकी उघडीप असते, अकरा-बारापर्यंत नुसता उकाडा, अंगाला चिकचिक, मग दोनच्या सुमाराला आभाळ एकदम काळं होतं, झाडं हलायला लागतात आणि अशी सर येते की समोरची बिल्डिंग दिसत नाही. तास-दीड तास धो धो, की संपलं. नंतर रस्त्यावरून वाफा निघतात.

थंडी म्हणाल तर बाहेर नाहीच. दुपारी 30, रात्री 24, महिनाभर हेच. खरी थंडी मॉलमध्ये आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत. भिजलेल्या कपड्यांनी एसीत शिरलं की म्हाताऱ्या माणसांना लगेच सर्दी होते, माझ्या सासूबाईंना पहिल्या वर्षी तेच झालं होतं. म्हणून स्वेटर नको पण एक शाल आणि कोरडा टीशर्ट रोज पाठपिशवीत पाहिजेच.

बाबांसाठी, चपला घेताना तळवा बघून घ्या, मागे पट्टा असलेल्या सँडल सगळ्यात चांगल्या. बूट भिजले तर दोन दिवस वाळत नाहीत. मॉलच्या दाराशी छत्रीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या ठेवलेल्या असतात त्या वापरा, आत पाणी सांडत नाही. स्टेशनपासून बसस्टॉप, बसस्टॉपपासून बिल्डिंग, बऱ्याच ठिकाणी डोक्यावर छप्पर आहे, फक्त जोराचा वारा असला की पाणी आडवं येतं.

पिंपळे_सौदागर
ताईंचं बरोबर आहे पण दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर नंतर मन खट्टू होईल. आम्ही दोन वर्षांपूर्वी ख्रिसमसच्या आठवड्यात गेलो होतो आणि आम्हाला पहिले दोन दिवस जवळजवळ सलग पाऊस लागला, सर वगैरे नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत रिपरिप आणि मधूनच जोर. टूरवाल्याने सेंटोसा बेटावरच्या राइड्सची तिकिटं त्याच दिवसाची काढलेली, बदलून द्यायला तयार नाही. वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड्स आणि केबल कार बंद करतात आणि ते योग्यच आहे, पण पोरं तीन तास एका शेडखाली बसून होती, मोठ्याच्या हातात तिकीट तसंच चुरगळलेलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून नाशिककर, सगळ्या दिवसांची बुकिंगं आधीच करून ठेवू नका. सेंटोसा किंवा झू साठी दोन दिवस मोकळे ठेवा आणि आदल्या रात्री हवामान बघून ठरवा. पावसाच्या दिवशी गार्डन्स बाय द बेचे ते दोन काचेचे घुमट करा, क्लाउड फॉरेस्ट आणि फ्लॉवर डोम, आत कोरडं आणि गारवा, आईबाबांना बसायला जागा पण आहे. एअरपोर्टजवळच्या ज्वेल मॉलमधला 40 मीटरचा धबधबा पण छपराखाली आहे.

ढगफुटी
असे सलग पावसाचे दिवस का येतात ते सांगतो म्हणजे अंदाज वाचताना उपयोग होईल. डिसेंबरात तिथे ईशान्य मान्सून असतो, तोच जो आपल्या चेन्नईला हिवाळ्याच्या तोंडावर पाऊस देतो. सायबेरिया-चीनकडची थंड हवा मधूनच जोरात खाली सरकते, दक्षिण चीन समुद्रावरून येताना भरपूर बाष्प उचलते आणि सिंगापूर-मलेशियावर ओतते. याला तिकडे मान्सून सर्ज म्हणतात. सर्ज आला की दोन-तीन दिवस झड लागते आणि हवा चक्क गार होते, जानेवारी 2018 मध्ये एका भागात पारा 21 पर्यंत उतरला होता, तिथल्या लोकांनी जॅकेटं बाहेर काढली. एरवी मात्र सुनबाई म्हणतात तसा दुपारचाच पाऊस.

सर्जची चाहूल तिथलं हवामान खातं काही दिवस आधी देतं, दर पंधरवड्याचा अंदाजही काढतं. निघायच्या आठवड्यात तो वाचा, त्याआधी महिनाभर मोबाइलमध्ये रोज ढग आणि वीज दिसेल तिकडे बघूच नका, विषुववृत्ताजवळ असं चित्र वर्षभर असतं. तिथे गेल्यावर रडार बघा, सर कुठून येतेय ते अर्धा तास आधी कळतं.

सातारी_कंदी
मधेच विचारते, सिंगापूरहून तिओमान बेट जोडून करता येईल का डिसेंबरात?

ढगफुटी
नको. मलेशियाचा पूर्व किनारा याच वाऱ्याच्या तोंडावर आहे, समुद्र खवळलेला असतो, बोटी बंद राहतात, बरीच हॉटेलं पण बंद असतात. बेटच करायचं असेल तर पश्चिमेकडचं लंगकावी, तिथे डिसेंबरच्या शेवटी हवा छान कोरडी व्हायला लागते.

नाशिककर_82
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच हायसं वाटलं. तारखा तशाच ठेवतोय. झू आणि सेंटोसाचं बुकिंग केलंच नाही अजून, ते तिथे जाऊनच बघतो, आणि सकाळी आठलाच बाहेर पडायचं, दुपारी बाबांना रूमवर आडवं होऊ द्यायचं, संध्याकाळी परत निघायचं असं ठरवलंय. आईला वाचून दाखवलं सगळं, ती म्हणाली मग साड्या नको, काठ भिजला की पायात येतो, पंजाबी ड्रेसच घेते.

सेंगकांगची_सुनबाई
काकूंनी अगदी बरोबर ओळखलं. आणि सूर्य इथे सातच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे संध्याकाळ चांगली मोठी मिळते, पाऊस पडून गेल्यावर ऑर्चर्ड रोडची ख्रिसमसची रोषणाई बघायला न्या त्यांना, ओल्या रस्त्यावर सगळे दिवे दिसतात. फक्त ड्रेस दोन जास्त टाका. डिसेंबरात इथे कपडे वाळत नाहीत, आमच्याकडे खिडकीबाहेर बांबूवर घालतात, तीन वेळा आत-बाहेर करून शेवटी कुबट वास येतोच.