‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात माझ्या मुलाने काय लिहायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात जिल्हा परिषदेत ३१ वर्षं कारकुनी केली. रकाना रिकामा राहिला की कागद परत येतो, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून प्रश्नही रकान्याचाच आहे.

माझा मुलगा पुण्यात आठ वर्षांपासून त्याच्या जोडीदारासोबत राहतो. जोडीदारही मुलगाच आहे. वयाने लहान, म्हणून मी त्याला धाकटा म्हणते, इथेही तसंच लिहिते. पहिली दोन वर्षं मला फार जड गेली, ते लपवत नाही. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. धाकटा रजा काढून साताऱ्याला येऊन राहिला आणि रोज संध्याकाळी माझा हात धरून जिन्याच्या अकरा पायऱ्या माझ्याकडून करून घ्यायचा. त्यानंतर माझ्या मनात काही उरलं नाही.

या पावसाळ्यात धाकट्याचं अपेंडिक्स फुटलं. रात्री सव्वाएकला मुलाने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तयार होते. काउंटरवरच्या माणसाने संमतिपत्र पुढे सरकवलं. ‘रुग्णाशी नाते’ समोर मुलाने ‘जोडीदार’ लिहिलं. त्या माणसाने त्यावर रेघ ओढली आणि विचारलं, “रक्ताचं कोण आहे?” मुलाने ‘मित्र’ लिहिलं, तेही चालेना. मला फोन आला, पण मी तरी धाकट्याची कोण? त्याचे वडील लातूरकडे शेती करतात, चार वर्षं बोलणं नाही. पावणेचारला त्यांनी एकदाचा फोन उचलला, “करा काय करायचं ते,” म्हणाले आणि ठेवून दिला. तेवढ्यावर ऑपरेशन झालं.

त्या फॉर्मची पिवळी कार्बन प्रत मुलाकडे आहे. रेघ इतकी दाबून ओढलीय की पिवळ्या कागदावर ‘जोडीदार’ पुसट दिसतं आणि रेघ ठळक.

६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून यांची सुटका झाली, तेव्हा मुलगा फोनवर रडला होता. त्याच वर्षी केरळच्या हादियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करणं हा घटनेच्या कलम २१ चाच, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग. मग २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात त्याच कोर्टाने लग्नाचा हक्कच नाही म्हटलं, असं कसं झालं? आणि लग्न नाही तर नाही, हा रकाना तरी भरायचा काही मार्ग आहे का?

वकीलबाई

काकू, आधी एक विचारते. धाकटा शुद्धीत होता का? असेल तर सही त्याचीच हवी होती आणि तेवढीच पुरे होती. सज्ञान, शुद्धीतल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःची असते. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने आईची संमतीसुद्धा ग्राह्य धरली नाही, कारण मुलगी सज्ञान होती, तिला फक्त भूल दिलेली होती आणि जिवावरचं तातडीचं काही नव्हतं. जीव धोक्यात असेल आणि रुग्ण बोलू शकत नसेल, तर डॉक्टर संमतीशिवायही उपचार करू शकतात. ‘रक्ताचं कोण’ ही दवाखान्यांची सवय आहे, कायदा नाही. तुमच्या मुलाला हे त्या रात्री कुणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता राज्यघटनेचं. हादियाचं लग्न आधीच लागलेलं होतं, स्त्री-पुरुषाचं होतं आणि हायकोर्टाने ते मोडीत काढलं होतं. तिथे मागणं होतं ‘मध्ये पडू नका’ आणि ते मिळालं. २०२३ च्या याचिकाकर्त्यांचं मागणं होतं ‘आम्हालाही आत घ्या’. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्याच्या कलम ४ ची सुरुवात ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ अशी आहे, पण तिथेच खाली पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षं पूर्ण हवीत असं येतं. पुढे घटस्फोट, पोटगी, वारसा सगळं ‘पती’ आणि ‘पत्नी’ या शब्दांवर उभं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्ती म्हणाले की विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, विवाहाचा दर्जा कायदा देतो आणि हा कायदा नव्याने लिहिणं आमचं काम नाही.

फाटे फुटले ते पुढे. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला सरकारने मान्यता द्यायलाच हवी आणि त्यांना मिळून मूल दत्तक घेता यावं, असं न्यायमूर्ती चंद्रचूड आणि कौल यांचं मत. न्यायमूर्ती भट, कोहली आणि नरसिंहा यांचं नाही. ३ विरुद्ध २. एकत्र राहायचा, आपलं माणूस निवडायचा हक्क बहुमतानेही नाकारलेला नाही. विवाहित नसल्यामुळे ही माणसं कितीतरी लाभांना मुकतात आणि हा भेदभाव आहे, हेही बहुमताच्या निकालात लिहिलंय. पण त्यावरचा उपाय सोपवला कॅबिनेट सचिवांच्या समितीवर. मला हेच सलतं. अन्याय दिसतो म्हणायचं आणि न्याय मागायला पाठवायचं सचिवालयात! पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या, त्याही खुल्या न्यायालयात न ऐकता.

जुना मास्तर

ताई, तुमच्या मुलांवर जे गुजरलं ते वाचून वाईट वाटलं. दवाखान्याने चूक केली. पण लग्नाचं म्हणाल तर मला कोर्टाचंच बरोबर वाटतं. विवाह ही समाजाने हजारो वर्षांत घडवलेली गोष्ट आहे. ती बदलायची तर लोकांनी निवडून दिलेल्या संसदेत चर्चा होऊन बदलावी. पाच माणसांनी बंद खोलीत ठरवलं तर खेड्यापाड्यातला माणूस ते मनापासून स्वीकारणार नाही, आणि त्याचा त्रास तुमच्याच मुलांना होईल.

कृष्णाकाठ

वकीलबाई, शुद्धीत होता हो. पोट धरून कण्हत होता आणि “द्या इकडे, मी करतो सही,” म्हणत होता. कुणी ऐकलं नाही. तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोळे भरून आले.

गुरुजी, तुम्ही सरळ मनाने लिहिलंत, म्हणून मीही सरळच लिहिते. संसदेत हा विषय गेला नाही असं नाही. आपल्याच बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ ला लोकसभेत खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं) मांडलं होतं, विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करा म्हणून. खासगी विधेयकाचा कायदा झाला तो शेवटचा १९७० साली. तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांना मत विचारलं, तर आपल्या महाराष्ट्राने विचार करायला आणखी वेळ मागितला. फाईल ‘अधिक चर्चेसाठी’ म्हणून ठेवली की तिचं काय होतं, ते मी ३१ वर्षं पाहिलंय.

आणि खेड्यापाड्याचं म्हणाल, तर केंद्राने कोर्टात लिहून दिलं होतं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. धाकटा सोयाबीनच्या शेतात वाढलाय. बापाबरोबर कोळपणी केलीय त्याने. ते वाक्य पेपरात वाचून तो दिवसभर जेवला नव्हता. खेड्यातला माणूस म्हणून त्याची कुणी मोजदादच केली नाही.

लोक स्वीकारतील तेव्हा हक्क देऊ म्हटलं तर पाणवठ्याचं, देवळाचं काय झालं असतं? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं होतं की घटनात्मक नीती, म्हणजे घटनेची बूज राखण्याची वृत्ती, उपजत नसते, ती रुजवावी लागते. ३७७ च्या निकालात न्यायमूर्तींनी त्याच विचाराचा आधार घेतला.

वकीलबाई

मास्तर, बाबासाहेबांचा विषय निघालाच म्हणून सांगते. र. धों. कर्वे यांनी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न होते. १९३४ मध्ये मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. खटला हरले. पण मराठीत ही चर्चा कालची नाही.

आणि काकू, तुमच्या रकान्याचं उत्तर संसदेनेच एकदा देऊन ठेवलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याच्या कलम १४ नुसार कुणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकतो. रक्ताचं असावं अशी अटच नाही. मनाच्या आजाराला जे चालतं ते अपेंडिक्सला का चालू नये, हा प्रश्न खासदारांना जरूर विचारावा.

दुसरा मजला

काकू, मी आणि माझा जोडीदार ठाण्यात बारा वर्षं एकत्र आहोत. आम्ही काय काय केलं ते सांगतो.

बँकेचं संयुक्त खातं उघडा. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की अशा जोडप्यांना संयुक्त खात्याला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शाखेत माहीत नसतं, परिपत्रक छापून न्यावं लागतं. त्याच सुमारास शिधापत्रिकेसाठीही अशा जोडप्यांना एकाच घरातले धरा असं केंद्राने राज्यांना कळवलंय.

पीएफचं मात्र नीट बघा. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर ते ‘कुटुंब’ ठरतात, आणि कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नाव चालत नाही. माझी आई माझ्याकडेच असते, त्यामुळे बारा वर्षांचा जोडीदार माझ्या पीएफला ‘बाहेरचा’ आहे. भेट दिली तरी तेच. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर आयकर नाही. आम्ही एकमेकांना वर्षात ५० हजारांवर काही दिलं तर घेणाऱ्याचं ते उत्पन्न धरतात. त्यावर एका जोडप्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आहे, आमचं लक्ष तिकडे आहे.

सगळ्यात आधी दोघांची मृत्युपत्रं करा. नॉमिनीला पैसे हातात मिळतात, पण मालकी वारसाची असते, इथे पुष्कळजण फसतात. मृत्युपत्र नसेल तर फ्लॅटमधला धाकट्याचा हिस्सा लातूरला जाईल, तुमच्या मुलाला एक वीटही मिळणार नाही. दोन साक्षीदार लागतात. ज्याच्या नावे करायचं त्याला साक्षीदार करू नका.

मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलंय की कुटुंब उभं करायला विवाह हा एकच मार्ग नाही. एका मुलीला माहेरच्यांनी डांबलं होतं आणि तिच्या जोडीदार मैत्रिणीने दाद मागितली होती. तो निकाल आम्ही घरी मोठ्याने वाचला.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचेही. पीएफचं मुलाला माहीतच नव्हतं, काल फोनवर बराच वेळ गप्प होता.

रविवारी दोघंही साताऱ्याला येताहेत. तिघांची मृत्युपत्रं एकदमच करणार आहोत. माझ्या मृत्युपत्रात जुन्या घराचे दोन भाग केलेत, एक मुलाला आणि एक धाकट्याला. धाकट्याच्या नावापुढे नातं लिहायची कायद्याने गरज नाही, असं इथल्या वकिलांनी सांगितलं. तरी मी ‘माझा मुलगा’ असं लिहून घेतलंय. साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर तयार आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “सही मराठीत चालेल ना?”