झिमरमन खटला: ज्युरीला दिलेल्या सूचनांमध्येच निकाल ठरला का?

रातकिडा:
2012 मध्ये फ्लोरिडात जॉर्ज झिमरमनने ट्रेव्हॉन मार्टिन या नि:शस्त्र मुलाच्या मागे जाऊन, झटापटीत त्याला गोळी घालून मारलं, आणि 2013 मध्ये ज्युरीने त्याला खून आणि मॅनस्लॉटर (खुनापेक्षा कमी गंभीर मनुष्यवध) या दोन्ही आरोपांतून सोडलं. त्या खटल्याच्या शेवटच्या दिवसांचे व्हिडिओ बघतोय आणि डोकं भणभणलंय. सगळे म्हणतात की तो 'स्टँड युअर ग्राउंड'मुळे (धोका असेल तर मागे न हटता बळ वापरायची मुभा देणाऱ्या कायद्यामुळे) सुटला. पण त्याच्या वकिलांनी खटल्याआधीची इम्युनिटीची (खटल्यातूनच सूट मिळण्याची) सुनावणी मागितलीच नव्हती, साधा सेल्फ डिफेन्सचा बचाव घेतला होता. मग जज डेब्रा नेल्सननी ज्युरीला दिलेल्या सूचनांमध्ये ते 'मागे हटायची गरज नाही, जागेवर ठाम उभं राहायचा हक्क आहे' कुठून आलं? आणि भांडण ज्याने उकरून काढलं त्याला हा बचाव सहज मिळत नाही, हा परिच्छेद सरकारी वकील मागत होते तर तो नाकारला. कायद्याची एक बाजू वाचून दाखवायची आणि दुसरी झाकून ठेवायची, हे बरोबर आहे का?

वकिलीणबाई:
कुठून येणार, फ्लोरिडाने 2005 मध्ये कायदा बदलला तेव्हापासून तो कायदाच तसा आहे. इम्युनिटी म्हणजे खटलाच चालू नये म्हणून जजकडे मागायची सूट. ती मागा नाहीतर नका मागू, खटला उभा राहिला की मागे हटायची सक्ती नाही हा नियम लागू असतोच. लोक या दोन गोष्टी एकत्र कालवतात.
उकरून काढण्याचं म्हणाल तर नुसतं कुणाच्या मागे मागे जाणं म्हणजे उकरून काढणं नव्हे. फ्लोरिडाच्या अपील कोर्टाच्या आधीच्या निकालानुसार त्यात बळ किंवा बळाची धमकी लागते, आणि मार्टिनवर पहिला हात झिमरमनने टाकला याचा पुरावा नव्हता. जज एकतर्फी होत्या असंही नाही. मॅनस्लॉटरचा पर्याय ज्युरीपुढे ठेवू नका म्हणून बचावपक्ष भांडत होता, तो त्यांनी ठेवलाच की.

खडूस:
बाई, पुरावा नव्हता म्हणता पण भांडण सुरू कसं झालं हे सांगणारा दुसरा माणूस मेलेला आहे!! झिमरमन साक्षीला उभाच राहिला नाही, त्याची बाजू पोलिसांना दिलेल्या जबाबातून ज्युरीपुढे आली, म्हणजे उलटतपासणीही नाही. अशा वेळी दोन्ही परिच्छेद द्यायचे आणि कोणता लागू होतो ते ज्युरीतल्या त्या सहा बायकांना ठरवू द्यायचं, ज्युरी बसवलीये कशाला मग. निकालानंतर एका ज्युररने नाव न सांगता सीएनएनवर मुलाखत दिली त्यात तिने स्वतः स्टँड युअर ग्राउंडचा उल्लेख केला होता. वकिलांनी ज्यावर भर दिला नाही ते तिच्या डोक्यात आलं कुठून? त्या कागदातूनच ना.

निवांत:
उल्लेख केला म्हणजे त्यावरच निकाल दिला असं नाही ना भाऊ. बचावपक्षाची गोष्ट अशी होती की तो खाली पाठीवर पडलेला आणि मार्टिन अंगावर बसलेला. ती खरी धरली तर मागे हटायला जागाच नाही, सक्ती असली काय नि नसली काय. ती खोटी धरली तर बचावच कोसळतो. शिवाय त्याच सूचनांमध्ये असंही आहे की धोका फक्त त्या बळानेच टळला असता असं सावध आणि समजूतदार माणसाला वाटलं असतं का ते बघा. हे 'फक्त'वालं त्या 'ठाम उभं राहा'च्या शेजारी कसं नांदतं ते मला अजून कळलेलं नाही, पण असो.
खरी मेख कोणी काय सिद्ध करायचं या ओझ्याची आहे. त्याने स्वतःला वाचवायलाच गोळी झाडली हे त्याला सिद्ध करायचं नव्हतं, तसं नव्हतं हे सरकारला संशयापलीकडे सिद्ध करायचं होतं. एकेकाळी ओहायोत हे ओझं आरोपीवर असायचं, 1987 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याला चालेल म्हटलं होतं. 2019 मध्ये ओहायोनेही ते बदललं. ओझं असं असल्यावर साक्षीदार नसलेल्या केसमध्ये ज्युरी दुसरं करणार काय?

वकिलीणबाई:
+1. आणि खडूस, तुमचा तो भांडण उकरून काढण्याचा परिच्छेद काइल रिटनहाउसच्या खटल्यात दिला होता की, त्यानेही लोकांवर गोळ्या झाडून सेल्फ डिफेन्सचाच बचाव घेतला होता. विस्कॉन्सिन, 2021. जज श्रोडर बचावपक्षाकडे झुकतात अशी ओरड होती तरी प्रोव्होकेशनची (म्हणजे भांडण उकरून काढण्याची) सूचना त्यांनी दिली, ज्युरीने तीन दिवसांहून जास्त घेतले आणि पाचही आरोपांतून सोडला.

खडूस:
तिथे गोळीबाराचे व्हिडिओ होते, ज्युरीने डोळ्याने बघितलं आणि ठरवलं. इथे पावसातली अंधारी संध्याकाळ, किंचाळ्यांचं रेकॉर्डिंग, आणि तो आवाज कोणाचा यावर झिमरमनची आई आणि मार्टिनची आई दोन गोष्टी सांगतायत. जिथे डोळ्याने काही दिसत नाही तिथे कागदावरचा शब्द न् शब्द जड होतो असं माझं म्हणणं आहे, तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या.

रातकिडा:
आत्ता सूचना परत वाचल्या, सत्तावीस पानं आहेत. सेल्फ डिफेन्सचा भाग मॅनस्लॉटरलाही लागू होतो, म्हणजे तो पटला की दोन्ही आरोप गेले. मग शेवटच्या संध्याकाळी ज्युरीने मॅनस्लॉटरबद्दल खुलासा मागितला होता तो नेमका कशाचा? कोर्टाने सांगितलं, मोघम विचारू नका, नेमका प्रश्न पाठवा. त्यांनी तो पाठवलाच नाही आणि त्याच रात्री निकाल आला. वकिलीणबाई, नेमका प्रश्न कसा विचारायचा हे ज्युरीला कोणी सांगू शकतं का, की तेही चालत नाही?

वकिलीणबाई:
नाही, चालत नाही. चिठ्ठी त्यांनीच लिहायची. वकील आणि जज तिच्या उत्तरावर वाद घालू शकतात, प्रश्नावर नाही.