मदत हवी आहे: दर पगाराला कराचा तपशील पाठवायचा आहे, चौदा जणांचं पगारपत्रक एक्सेलमध्ये आहे

नमस्कार मंडळी,

आमची कंपनी छोटी, चौदा जणांची. गेली नऊ वर्षं पगार मीच काढते. एक्सेलमध्ये महिन्याला एक शीट, वर्षाच्या शेवटी सगळ्यांची बेरीज आणि एकदाच विवरण भरायचं, असं चालत आलं. नव्या करवर्षापासून नियम बदलतोय. प्रत्येक माणसाचा करपात्र पगार, कापलेला कर आणि वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण रक्कम हे सगळं पगाराच्या दिवशी किंवा त्याआधी कर विभागाला पाठवायचं. ओव्हरटाइम, बोनस, खर्चाची भरपाई वेगवेगळ्या रकान्यांत दाखवायची.

ही पद्धत नवी नाही, हे वाचून कळलं. ब्रिटनमध्ये ती एप्रिल २०१३ पासून आहे आणि आयर्लंडमध्ये १ जानेवारी २०१९ पासून. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये आधी वीस किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना लागू केली आणि छोट्यांना पुढच्या वर्षी जुलैत. म्हणजे आमच्यासारख्या छोट्या कंपन्या यातून गेल्या आहेत, म्हणून इथे विचारतेय.

काल चाचणीची फाइल चढवली. चौदांतल्या तीन ओळी परत आल्या.

पहिली ओळ ओळख क्रमांकाची. आमच्या एका सहकाऱ्याचा क्रमांक दोन शून्यांनी सुरू होतो. फाइलमध्ये ती शून्यं गायब! कागद समोर धरून मी तीनदा टाइप केलं. एंटर दाबलं की ती पुन्हा जातात.

दुसरी ओळ बेरजेची. पगार, भत्ता आणि ओव्हरटाइम मिळून जी रक्कम पडद्यावर दिसते, तिच्यापेक्षा एकूण ०.०१ ने वेगळी येते. कॅल्क्युलेटरवर माझाच आकडा बरोबर येतोय.

तिसरी सर्वांत अवघड. एकीला दोन महिन्यांपूर्वी चुकून ओव्हरटाइम जास्त दिला गेला. आजवर अशी चूक झाली की मी त्या महिन्याच्या शीटमध्ये जाऊन आकडा बदलायचे आणि पुढच्या पगारात वळते करायचे. यंदाही तसंच केलं. आता चाचणीत त्या महिन्याचा आकडा आणि वर्षाची बेरीज जुळत नाही. तिचा कर आधीच भरलेला आहे. परत घ्यायचं ते हातात पडलेलं की मूळ रक्कम? तिच्यावर एका नव्या पैशाचाही अन्याय होऊ नये, एवढंच मला हवंय.

एका सॉफ्टवेअरवाल्याने "आमचं घ्या, सगळं आपोआप होईल" सांगितलं. पण चूक नेमकी कुठे आहे हेच मला कळलं नाही, तर सॉफ्टवेअरमध्येही मी तीच चूक भरेन.

प्रतिसाद १

ताई, पहिल्या दोन्ही अडचणी अगदी नेहमीच्या आहेत.

आकडा दिसला की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि सुरुवातीची शून्यं टाकून देतं. टाइप करण्याआधीच तो रकाना 'टेक्स्ट' करा. नंतर केलात तर गेलेली शून्यं परत येत नाहीत, ती हातानेच भरावी लागतात. आणखी एक: सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडू नका. उघडून नुसती सेव्ह केली तरी शून्यं जातात. तपासायची तर नोटपॅडमध्ये उघडा.

०.०१ चं कारण असं की सेलला दोन दशांशांचं फॉरमॅट दिलं तरी आत पूर्ण आकडा तसाच असतो. समजा तीन रकमांत प्रत्येकी १०.००४ आहे. दिसतं १०.००, पण बेरीज ३०.०१२ आणि ती दिसते ३०.०१. प्रत्येक रकमेच्या सूत्रालाच राउंड (आकडा खरोखर दोन दशांशांवर आणणारं एक्सेलचं फंक्शन) लावा, मग बेरीज करा. फक्त शेवटच्या बेरजेला लावून भागत नाही. कर कुठल्या टप्प्यावर पूर्णांकात न्यायचा, हे मात्र तुमच्या नियमपत्रकात बघूनच ठरवा.

प्रतिसाद २

तिसऱ्याबद्दल. एकदा पाठवलेल्या महिन्याला हात लावायचा नाही, ही सवय आजच लावून घ्या. पगार झाला की शीट लॉक करा आणि पाठवलेल्या फाइलची प्रत तारखेसह वेगळी ठेवा. तुमच्या जुन्या पद्धतीत वर्षाअखेरची बेरीज एकच होती, म्हणून मागचा महिना बदलला तरी कोणाला दिसत नव्हतं. आता तो आकडा कर विभागाकडेही असेल.

दुरुस्तीसाठी आधी नियम कसा आहे ते पाहा. ब्रिटनमध्ये त्याच करवर्षातली चूक असेल तर पुढच्या पगाराच्या वेळी वर्षाची बरोबर एकूण रक्कम पाठवून ती सुधारता येते. तुमच्याकडे मूळ ओळच बदलून पाठवायला सांगत असतील, तर तो वेगळा मार्ग आहे. अंदाजाने दोन्ही करू नका, नाहीतर दुरुस्ती दोनदा मोजली जाईल.

वसुली त्याच वर्षात असेल तर पुढच्या ग्रॉसमधून, म्हणजे कर कापण्याआधीच्या पगारातून, जास्तीचा ओव्हरटाइम वजा करा. कर वर्षाच्या एकूण रकमेवर मोजला जात असेल तर तोही आपोआप उतरतो. हातात पडलेलं मागू नका. त्या ताईंना आधी सांगून, पगारपत्रकावर 'मागील ओव्हरटाइम दुरुस्ती' अशी वेगळी ओळ दाखवा. वर्ष उलटलं तर हिशोब वेगळा होतो, म्हणून करवर्ष संपण्याआधीच उरका.

धागाकर्ती

मनापासून आभार. टेक्स्ट आणि राउंड दोन्ही केलं. आज दोन ओळी स्वीकारल्या गेल्या. नियमपत्रक पुन्हा वाचलं, आमच्याकडे पुढच्या पगारात एकूण रकमेनेच दुरुस्ती आहे. मी बदललेली ती शीट बॅकअपवरून पूर्ववत केली. उद्या तिच्याशेजारी बसून पगारपत्रक दाखवणार आहे, मगच फाइल पाठवेन.

एक राहिलं. वर्षाच्या मधेच रुजू झालेल्या माणसाकडे आधीच्या कंपनीचे आकडे नसतील, तर त्याच्या एकूण रकमेत काय भरता? पुढच्या महिन्यात एक जण येतोय.