मदत हवी आहे: पुरुषांसाठी रोजची मल्टिव्हिटॅमिन गोळी कशी निवडावी?

घाटमाथा
वय 43, पूर्ण शाकाहारी, दिवसभर ऑफिसात, ऊन फारसं लागत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन 500 दोन वेळा, थायरॉईडसाठी सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन 50. हिमोग्लोबिन 14.8. केसांसाठी बायोटिन 10 मिलिग्रॅम चालू आहे. 'फॉर मेन' लिहिलेली डबी साध्या पट्टीच्या कितीतरी पट महाग दिसते. तिच्यात खरंच काही वेगळं असतं का? लोह असलेली घ्यावी की नसलेली? आणि घ्यायची केव्हा?

निरगुडी
'फॉर मेन' म्हणजे बहुतेक वेळा लोह काढलेलं किंवा कमी केलेलं, जस्त थोडं वाढवलेलं आणि वर जिनसेंग, लायकोपीन वगैरेंची चिमूट. त्या चिमटीचेच पैसे जास्त. डबीवर 'ब्लेंड' म्हणून एकच आकडा असेल आणि आतल्या प्रत्येक घटकाचं प्रमाण दिलं नसेल, तर ती खाली ठेवा.

लोहाबद्दल: आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पुरुषांसाठी रोज 19 मिलिग्रॅम सांगितलंय, अमेरिकेत 8. आपल्या धान्य-डाळींतलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून हा फरक. पण ते आहारातून धरलेलं आहे. हिमोग्लोबिन 14.8 असताना गोळीतून लोह कशाला? शंका असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करा. पुरुषात फेरिटिन कमी निघालं तर आधी रक्त कुठून जातंय ते शोधायचं: मूळव्याध, अल्सर, जंत. मल्टिव्हिटॅमिन घेऊन ते झाकायचं नाही.

खडीसाखर
लेबल वाचताना लोक एका ठिकाणी हमखास फसतात. पट्टीवर क्षाराचं वजन असतं, आपल्याला हवं असतं मूलद्रव्याचं. 'झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिलिग्रॅम' म्हणजे जस्त सुमारे 22 मिलिग्रॅम. 'कॅल्शियम कार्बोनेट 1250' म्हणजे कॅल्शियम 500. जस्ताची आयसीएमआरची रोजची शिफारस 17 आहे. महिनोन्‌महिने 40 च्या वर गेलात तर तांबं कमी पडायला लागतं, म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या जोडीला वेगळी झिंकची गोळी नको.

कॅल्शियमसाठी मल्टिव्हिटॅमिन घेऊ नका. रोजचे 1000 मिलिग्रॅम मावतील एवढी गोळी गिळताच येणार नाही. दूध, दही, नाचणी, तीळ पुरे.

बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलला सर्रास मल्टिव्हिटॅमिन म्हणतात, पण तिच्यात डी नसतं. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका बघा. बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि डी3 सहसा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. गमीच्या भानगडीत तर पडूच नका, तुम्हाला मधुमेह आहे आणि तिच्यात साखर असू शकते.

दवंडी
इथे गोळीच्या ब्रँडपेक्षा बी12 महत्त्वाचं आहे. शाकाहारात ते मुळात कमी मिळतं आणि मेटफॉर्मिनने त्याचं शोषण कमी होतं, म्हणजे दोन्हीकडून गळती. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच आहे, पण जठरातल्या प्रथिनाच्या मदतीने एका वेळी साधारण तेवढंच आत जातं. त्यावरच्या मात्रेतलं जेमतेम एक टक्का. म्हणून 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहा-बारा मिळतात. खरी कमतरता असेल तर मल्टिव्हिटॅमिनमधल्या मात्रेने ती भरून निघायला फार काळ लागेल. वेगळी गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरवतील. नुसतं फॉलिक अॅसिड जास्त घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पायांत मुंग्या येत असतील तर त्या मधुमेहाच्या म्हणून सोडून देऊ नका.

डीचंही तसंच. 60,000 युनिटची पुडी *आठवड्यातून* एकदा आणि ठरावीक आठवडेच असते. ती रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढलेले रुग्ण दवाखान्यात येतात.

आणि ते बायोटिन! काही लॅबच्या पद्धतीत त्याने थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच खोटा कमी आणि टी4 खोटा जास्त येतो, म्हणजे थायरॉक्सिन जास्त होतंय असं वाटतं. मग थायरॉक्सिनचा डोस विनाकारण कमी केला जातो. बी12 आणि डीचे आकडेही खोटे वाढू शकतात, म्हणजे कमतरता असूनही रिपोर्ट छान.

निरगुडी
वेळेचं राहिलं. थायरॉक्सिन आणि खनिजं असलेली गोळी यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह-कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर घ्या. ए, डी, ई, के शोषायला जेवणात थोडं तेल-तूप लागतं आणि जस्ताने उपाशीपोटी मळमळतं. लघवी गडद पिवळी झाली तर घाबरू नका, ते बी2 आहे.

धूम्रपान करत असाल तर जास्त मात्रेचं बीटाकॅरोटीन नको. फिनलंडमधल्या 1994 च्या चाचणीत रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला होता. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी व्हिटॅमिन के बघूनच काय ते ठरवावं.

घाटमाथा
धन्यवाद सगळ्यांना. मग आत्ताच साधी पट्टी सुरू करून पुढच्या महिन्यात तपासण्या केल्या तर?

दवंडी
उलटं करा. गोळी सुरू केली की बी12 चा आकडा वर सरकतो आणि मूळ पातळी कळत नाही. बायोटिन किमान तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये ते घेत होता हे सांगा. मग बी12, डी, टीएसएच एकाच वेळी द्या. त्या दिवशीची थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यावर. बी12 दोनशेच्या (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली असेल तर रिपोर्ट घेऊन थेट डॉक्टरांकडे. दोनशे ते तीनशेच्या मधे असेल तरी मेटफॉर्मिन चालू आहे हे सांगून विचारा.