डॉलर, युरो, पौंड एकाच खात्यात ठेवायचे आहेत, काय बघून खातं निवडावं?

प्रश्न
काही ग्राहक डॉलरमध्ये पैसे देतात, काही युरोमध्ये. शिवाय दर महिन्याला पौंडात काही बिलं भरावी लागतात. पैसे आल्या आल्या बदलले जाऊ नयेत, त्या त्या चलनात पडून राहावेत, एवढीच गरज आहे. जाहिरातीत सगळेच भरपूर चलनं देतात. निवडायचं कशावरून?

प्रतिसाद १
चलनं किती, हे सोडून द्या, तुम्हाला तीनच लागतात. आधी विचारा: या तिन्ही चलनांत पैसे घ्यायला तुमच्या नावाचा स्वतंत्र खाते क्रमांक मिळतो का? युरोसाठी आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), पौंडासाठी ६ अंकी सॉर्ट कोड (ब्रिटनमधला बँकेचा ओळख क्रमांक) आणि ८ अंकी खाते क्रमांक, डॉलरसाठी ९ अंकी राउटिंग नंबर (अमेरिकी बँकेचा ओळख क्रमांक) आणि खाते क्रमांक. काही ठिकाणी सगळ्या ग्राहकांचे पैसे एकाच सामायिक खात्यात येतात आणि संदर्भ क्रमांकावरून वाटले जातात. पाठवणाऱ्याने तो क्रमांक लिहिला नाही की रक्कम अडकते. असं खातं घेऊच नका.

सगळ्यात जास्त घोळ डॉलरचा होतो. एसीएच (अमेरिकी बँकांमधली, व्यवहार गठ्ठ्याने पाठवणारी यंत्रणा) आणि वायर (एकेक रक्कम थेट बँकेतून बँकेत पाठवणं) या पैसे येण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. कधी दोन्हींचे राउटिंग नंबर वेगळे असतात, कधी खातं वायर घेतच नाही. चुकीच्या नंबरावर वायर केली की पैसे परत जातात, बहुतेक वेळा शुल्क कापून. इनव्हॉइसवर दोन्ही तपशील वेगवेगळे लिहा.

आणखी एक: पौंडाचा कप्पा (खात्यातली त्या चलनाची वेगळी शिल्लक) उघडलेला नसताना पौंड आले, तर काही खाती ते परस्पर मुख्य चलनात बदलतात. आधी तिन्ही कप्पे उघडा, मगच क्रमांक द्या.

प्रतिसाद २
'कमिशन शून्य' वाचून हुरळून जाऊ नका, कमाई दरात असते. समजा बाजारातला मधला दर (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमध असलेला) १ युरोला १.१० डॉलर आहे आणि खातं १.०७२५ देतंय. १००० युरोंवर २७.५० डॉलर गेले, म्हणजे अडीच टक्के. अॅपमध्ये रक्कम टाका, पुष्टी करण्याआधी हातात किती पडणार ते बघा आणि त्याच मिनिटाच्या मधल्या दराशी ताडून पाहा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा काही ठिकाणी जादा टक्का लावतात.

प्रश्नकर्ता
धन्यवाद! कार्डाचं काय? पौंडाची बिलं कार्डानेच भरायची आहेत.

प्रतिसाद १
त्या चलनाची शिल्लक थोडी जरी कमी पडली, तरी काही कार्डं *सगळी* रक्कम दुसऱ्या कप्प्यातून बदलून घेतात. त्यामुळे बिलापेक्षा थोडे जास्त पौंड ठेवा. पैसे भरताना 'तुमच्या चलनात भरायचे का?' असं विचारलं तर नाही म्हणा. पौंडाचं बिल पौंडातच भरायचं, नाहीतर दर समोरचा ठरवतो.

प्रतिसाद ३
मोठी रक्कम पडून राहणार असेल तर ठेव विमा बघा. युरोपीय संघात एका बँकेत प्रत्येक ठेवीदाराला १,००,००० युरोंपर्यंत संरक्षण आहे आणि ते परकीय चलनातल्या ठेवींनाही लागू होतं. सिंगापूरच्या योजनेत मात्र फक्त सिंगापूर डॉलरच्या ठेवी येतात. बँकेचा परवाना नसलेल्या ई-मनी (इलेक्ट्रॉनिक रूपात पैसे ठेवणाऱ्या) कंपन्या ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात राखून ठेवतात, पण तो ठेव विमा नव्हे. अशा खात्यात फिरते पैसे ठेवा, उरलेले बँकेत हलवा.