सॉफ्ट रॉकसाठी पहिला बेस कोणता घ्यावा?

मध्यमा:
आमचा बँड १९७०च्या दशकातली अमेरिकन सॉफ्ट रॉकची गाणी वाजवतो. बेस, म्हणजे खर्जातले स्वर देणारी गिटार, वाजवणारा मित्र परगावी गेल्याने, इतकी वर्षे गिटार वाजवणाऱ्या माझ्याकडे आता बेस आला आहे. अ‍ॅम्पसकट २५,००० रुपयांत काय घ्यावे आणि या संगीतात बेसने नेमके काय करावे, हे कृपया सांगावे. माझे हात लहान आहेत.

खर्ज:
मेक्सिकोत बनलेला फेंडर जाझ बेस घ्या. मी नऊ वर्षे तोच वाजवतो आहे आणि एकदाही पस्तावलो नाही. थोडे थांबून पैसे साठवा, पण स्वस्तातला घेऊ नका.

चारतारी:
आधी अ‍ॅम्पचा विचार करा. मी गिटारच्या लहान अ‍ॅम्पमधून बेस वाजवला आणि दुसऱ्याच तालमीत स्पीकर फाटला. सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. तो भार गिटारच्या अ‍ॅम्पला पेलत नाही.

पाचवीतार:
पाच तारांचा बेस घ्या, म्हणजे पुढे अडणार नाही. बाकी जाझ बेस उत्तमच.

संथलय:
मध्यमा यांनी रक्कम सांगितली आहे, तीही अ‍ॅम्पसकट; जाझ बेस त्यात बसणार नाही. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. या संगीतात गाणाऱ्याला मोकळी जागा हवी असते, म्हणून बेसचा स्वर ड्रमच्या किकबरोबर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याबरोबर, पडावा आणि स्वर किती वेळ धरायचा व कुठे तोडायचा, याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, अर्थही बेसच ठरवतो: सी मेजरवरून ए मायनरकडे जाताना मध्ये जी मेजर असेल आणि तुम्ही त्याखाली जीऐवजी बी वाजवलात, तर सी, बी, ए अशी उतरती वाट तयार होते आणि गिटारवाल्याने काहीही न बदलता गाणे हळवे होते. गायक जेम्स टेलर यांच्याबरोबर लीलंड स्क्लार यांनी वाजवलेला बेस या दृष्टीने पुन्हा पुन्हा ऐकावा.

खर्ज:
हे बोटांनीच साधते. पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, बेसचा गोलावा जातो.

संथलय:
मला हे मान्य नाही. कार्पेंटर्स या गायक जोडीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादक जो ऑसबॉर्न (Joe Osborn) पिकनेच वाजवत, आणि त्या बेसइतका गोल, गाता बेस मी क्वचितच ऐकला आहे. त्यांच्या बेसवर सपाट गुंडाळीच्या तारा असत. तशा तारा मात्र जरूर लावा.

चारतारी:
सपाट तारा महाग पडतात. अ‍ॅम्पबद्दल मी वर लिहिले आहेच.

पाचवीतार:
हात लहान असले तरी ३४ इंची (तारेची वाजणारी लांबी) बेसचीच सवय करा. ३० इंची बेसची जाड तार सैल वाजते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मध्यमा:
सर्वांचे मनापासून आभार. तरीही मी जुना ३० इंची, चार तारांचाच बेस घेतला, कारण दुकानात ३४ इंचीवर दांड्यावरच्या पहिल्या चार पट्ट्या (फ्रेट) गाठताना मनगट दुखू लागले. उरलेल्या पैशांत वापरलेला बेस अ‍ॅम्प मिळाला. सपाट तारा पुढच्या महिन्यात घेईन. काल तालमीत जी कॉर्डखाली बी धरला, तेव्हा आमच्या गायिकेने थांबून विचारले की, गिटारने कॉर्ड बदलली का?