ढोल आणताना झालेला अपघात: इन्शुरन्सला कळवायचं की परस्पर मिटवायचं? (तातडीचं)

मंजिरी, आम्स्टेलव्हेन

नमस्कार मंडळी, शनिवारी इथे नेदरलँड्समध्ये ढोल आणताना उजवीकडे वळणाऱ्या आमच्या गाडीची सरळ जाणाऱ्या सायकलवरच्या एका मुलाला धडक बसली, ते पथकातल्या सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे पुन्हा सविस्तर सांगत बसत नाही. मुलाच्या पुढच्या दाताचा तुकडा पडलाय, मनगट सुजलंय, सायकलचं पुढचं चाक वाकलं. आमच्या गाडीचा उजवा आरसा आणि दार. पोलिसांना बोलावलं नव्हतं, नाव पत्ता फोन दिला घेतला. आता प्रश्न असा की आज सकाळी मुलाच्या वडिलांचा मेसेज आला, इन्शुरन्सच्या भानगडीत नको पडायला, ५०० युरोची टिकी (मोबाइलवर पैसे मागायची लिंक) पाठवतो ती भरा आणि विषय संपवू. माणूस सज्जन वाटला, आवाज चढवला नाही. माझा नवरा अमोल म्हणतो भरून टाकू, क्लेम केला की पाच नो-क्लेम वर्षं (क्लेम न केलेली वर्षं, ज्यांवर प्रीमियममध्ये सूट मिळते) जातात आणि आमची मुळात सहाच आहेत. मला धाकधूक वाटतेय. मुलगा १३ वर्षांचा आहे आणि त्याच्या हातात मोबाइल होता, मागच्या गाडीतल्या दोघांनी पाहिलंय. मग चूक त्याची धरणार ना? संध्याकाळपर्यंत त्यांना उत्तर द्यायचंय, कुणाला अनुभव असेल तर प्लीज लगेच लिहा.

विनायक, डेन हाग

मंजिरी, टिकी भरू नका. आधी इन्शुरन्सला कळवा, आजच.

मोबाइलचं डोक्यातून काढून टाक. इथल्या वाहतूक कायद्याचं आर्टिकल १८५ म्हणतं की गाडीने सायकलवाल्याला किंवा पायी चालणाऱ्याला धडक दिली तर भरपाई गाडीच्या मालकाने द्यायची, अपवाद फक्त ओव्हरमाख्तचा, म्हणजे ड्रायव्हरकडे बोट दाखवायला काडीचीही जागा नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. ते जवळजवळ कुणालाच जमत नाही. त्यावर होगे राडने, म्हणजे इथल्या सुप्रीम कोर्टाने, दोन नियम बसवलेत. सायकलवाला १४ वर्षांच्या आतला असेल तर त्याचं नुकसान शंभर टक्के तुमच्याकडे, त्याने मुद्दाम किंवा जाणूनबुजून जीव धोक्यात घातला असेल तरच वेगळं, आणि मोबाइल बघणारं पोर त्यात बसत नाही. १४ किंवा त्याहून मोठा असेल तर निम्मं तरी तुमच्याकडेच, उरलेल्या निम्म्यावर वाद घालता येतो. आणि तुम्ही उजवीकडे वळत होता, तो फिट्सपाडवरून, म्हणजे सायकलच्या रस्त्यावरून, सरळ चालला होता. सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला. इथे वाद कसला घालणार?

निखिल, आइंडहोवन

काका, म्हणजे पोराने लाल सिग्नल तोडला तरी पैसे आपणच द्यायचे? हे मला पटत नाही. आमच्या पुण्यात जागच्या जागी चार माणसं जमतात, दोन्हीकडचं ऐकतात आणि मिटवून मोकळे होतात. वडील स्वतः ५०० म्हणतायत, लेखी घ्या, सही घ्या, झालं. पाच वर्षांचा नो-क्लेम म्हणजे प्रीमियममध्ये किती फरक पडतो ते मला चांगलं माहीत आहे, मी अजून भारतातल्या लायसन्सवरच चालवतो आणि मला नो-क्लेम शून्य धरलाय.

श्रीरंग, खजिनदार

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो. मंडळाच्या पॉलिसीत हे बसत नाही. गेमेंटेची (नगरपालिकेची) स्वयंसेवकांसाठीची पॉलिसी आहे तीही गाडीने तिसऱ्या माणसाचं झालेलं नुकसान देत नाही, ते गाडीच्या स्वतःच्या इन्शुरन्सवरच जातं. तेव्हा "मंडळाचं सामान होतं" असं कुठल्याही फॉर्मवर लिहू नये. दुसरं, ढोल खाजगी गाडीत कोंबून आणायचं कमिटीने कधी ठरवलं ते मला कुणी दाखवावं. व्हॅनसाठी बजेट मागितलं असतं तर दिलं असतं.

सुजाता, ढोल-ताशा पथक

श्रीरंग, व्हॅनचं बजेट मागच्या गणपतीपासून तीन मीटिंगमध्ये मागितलं, मिनिट्स वाचा. दर वेळी "पुढच्या मीटिंगमध्ये बघू". पथकाची पोरं स्वतःच्या गाड्या घालतायत, पेट्रोल स्वतःचं. मागच्या सीटवर दोन ढोल उभे होते आणि उजवी मागची काच अर्धी झाकली होती, हे मी तिथे उभी राहून पाहिलंय. मंजिरीने ते लपवावं असं मला वाटत नाही. मंडळाचं नाव नको म्हणून खरं काय झालं तेच लिहायचं नाही, हे चालणार नाही.

प्राजक्ता, उत्रेख्त

मी दुसऱ्या बाजूने गेलेली आहे म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी ऑफिसला जाताना पार्क केलेल्या गाडीचं दार एकदम उघडलं आणि मी दारावर आपटून पलीकडे पडले. हासळीचं हाड मोडलं. रस्त्यावर पडल्या पडल्या मी त्या बाईंना "इट्स ओके" म्हणत होते, आपल्याला सवयच असते. त्यांनी मात्र तिथेच पिवळा-निळा स्खाडेफॉर्म (अपघाताची माहिती भरायचा फॉर्म) काढला आणि पोलिसांना फोन केला. त्यामुळे पुढचं सगळं सरळ झालं. माझ्या हेल्थ इन्शुरन्सचे ३८५ युरो आयगन रिसिको (उपचाराचा आपण स्वतः भरायचा भाग), फाटलेलं जॅकेट, ऑफिसला जायची टॅक्सी, घरकामाला आठवडाभर ठेवलेली बाई, सगळं त्यांच्या इन्शुरन्सने दिलं, वकिलाचे पैसेसुद्धा, कारण जखमी माणसाच्या वकिलाचा वाजवी खर्च हा नुकसानीचाच भाग धरतात. पण खांदा खरा दुखायला लागला तो तीन महिन्यांनी. पहिल्याच आठवड्यात २०० युरो घेऊन मिटवलं असतं तर मी काय केलं असतं? त्या मुलाचा दात आज नुसता तुटलाय, आतली नस मेली की वर्षभराने काळा पडतो. त्याच्या बाजूने विचार करा ना.

निखिल, आइंडहोवन

प्राजक्ता तुझं बरोबर आहे पण तू मोठी होतीस आणि तुझी काहीच चूक नव्हती. इथे मोबाइल होता. आणि आता तर हे फॅटबाइकवाले (जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकली), कुणाचाही वेग बघा, त्यांनाही हेच संरक्षण?

धनंजय, आल्मेरे

फॅटबाइकचं विचारलंस म्हणून. पेडल मारल्यावरच मोटर चालते आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर मदत बंद होते तोवर ती सायकलच. वेग वाढवून घेतलेली असेल तर कायद्याने ती सायकल राहत नाही, मग १८५ ची ढाल मिळेलच असं नाही, उलट इन्शुरन्स नाही म्हणून तोच अडकतो. आमच्या शेजारच्यांनी पोराला तशी घेऊन दिली आहे, त्यांना सांगून सांगून दमलो. बाकी दाराचं म्हणाल तर दारापासून लांबच्या हाताने दार उघडायची सवय लावून घ्या, आपोआप मान मागे वळते, इथे मुलांना ड्रायव्हिंगच्या क्लासमध्ये हेच शिकवतात.

विनायक, डेन हाग

निखिल, तुझं आधी. भारतातलं लायसन्स इथे गेमेंटेत नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच चालतं (आर्टिकलचा आकडाही तोच, गोंधळ करू नकोस). तुला ३० टक्क्यांचं रुलिंग (परदेशातून नोकरीसाठी आलेल्यांची करसवलत) आहे ना, मग परीक्षा न देता बदलून मिळतं, उद्या अर्ज कर. मुदत संपल्यावर धडक झाली तर इन्शुरन्स कंपनी जखमीला पैसे देईल आणि मग तुझ्या मागे लागून वसूल करेल. दाताचे, मनगटाचे पैसे फेडता येतील रे, कुणाला आयुष्यभराचं अपंगत्व आलं तर काय करशील?

आता मंजिरी, सहीच्या कागदाबद्दल, कारण हे निखिलने फार सहज लिहिलंय. अल्पवयीन मुलाच्या वतीने आई-वडिलांना अशी तडजोड हवी तशी करता येत नाही. रक्कम अगदी किरकोळ नसेल तर कांटोनरेख्टरची (खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची) परवानगी लागते. शिवाय दुखापतीचा दावा लावायची मुलाची मुदत तो १८ चा झाल्यावर पाच वर्षं चालू राहते. म्हणजे आज ५०० देऊन विषय मिटवलात तरी तो २३ वर्षांचा होईपर्यंत हे प्रकरण उघडं. आणि तेव्हा तुमची इन्शुरन्स कंपनी विचारेल की आम्हाला का कळवलं नाही.

नो-क्लेमचं अमोलला सांग, बऱ्याच पॉलिसींमध्ये कंपनीने दिलेली रक्कम ठरावीक मुदतीत, बहुतेक वर्षभरात, आपण परत भरली तर वर्षं शाबूत राहतात. रक्कम छोटी निघाली तर तेव्हा भरा, मोठी निघाली तर कंपनी आहेच. टिकीमध्ये तुम्ही छोटी रक्कमही भरता आणि मोठीची टांगती तलवारही ठेवता.

फॉर्म भरताना फक्त काय घडलं ते लिहा, चित्र काढा, ढोल होते तेही लिहा, "आमची चूक" किंवा "त्याची चूक" असं काही लिहू नका, ते कंपनी ठरवेल. वडिलांनाही फॉर्मवर सही करायला सांगा आणि पॉलिसी नंबर द्या, त्यांना थेट तुमच्या कंपनीकडेच मागता येतं. स्लाख्टऑफरहुल्प ही संस्था जखमींना फुकट मदत करते, तेही त्यांना सांग.

श्रीरंग, खजिनदार

मी लपवा म्हणालो नव्हतो, मंडळाला क्लेममध्ये ओढू नका म्हणालो. ढोल होते हे लिहायला माझी हरकत नाही. व्हॅनचा विषय कमिटीत येईल, इथे नको.

सुजाता, ढोल-ताशा पथक

कमिटीत यायच्या आधी येत्या शनिवारची प्रॅक्टिस आहे.

मंजिरी, आम्स्टेलव्हेन

सगळ्यांचे आभार. टिकीला नाही सांगितलं, अमोलने आत्ताच कंपनीला फोन करून कळवलं, क्लेम नंबर मिळाला. रक्कम परत भरायची सोय आमच्या पॉलिसीत आहे, मुदत बारा महिने. मुलाच्या वडिलांना फोन केला तेव्हा कळलं की त्यांना फक्त सायकल लवकर हवी होती, बुधवारी शाळा लवकर सुटते आणि मुलगा त्याच सायकलवरून फुटबॉलला जातो. दाताचं त्यांनी डेंटिस्टला अजून दाखवलंही नव्हतं, ते आधी दाखवा म्हणून सांगितलं. आमच्या लेकाची सायकल त्याला तोवर देऊन आलो. संध्याकाळी ते फॉर्मवर सही करायला घरी येणार आहेत. प्राजक्ता, तुझ्या वकिलांचा नंबर मला वेगळा पाठवशील का, त्यांना द्यायचा आहे.

शनिवारी आमची गाडी गॅरेजमध्ये असेल, ढोल दुसऱ्या कुणीतरी आणा, आणि काचा मोकळ्या ठेवून आणा.